कटगुणचा चौगुला : एका खेडूत पूर्वजाचा माग



आजच्या विषयाला हात घालण्यापूर्वी आपणा सर्वांना एक सोपा प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर मनातल्या मनात द्यावे. आपल्या वडिलांचे नाव काय, हे सर्वांनाच ठाऊक आहे. आजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येईल. पणजोबांचे नाव आठवताना काहीजण थोडे अडखळतील. आणि पणजोबांच्या वडिलांचे नाव? इथे मात्र सभागृहात शांतता पसरेल. श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पुरुषांचा उच्चार करण्याची आपली चाल आहे. ज्यांनी ती घालून दिली त्यांना माणसाच्या स्मरणाची मर्यादा चांगलीच ठाऊक असली पाहिजे. तीन पिढ्यांच्या पलीकडे आपण सगळेच निनावी होतो.

दुसरी एक गोष्ट. आज आपण शहरात राहतो, नळाचे पाणी पितो, वसंत ऋतूत संध्याकाळी व्याख्याने ऐकावयास येतो. पण आपल्यापैकी शंभरातल्या नव्वदांचे घर चार-पाच पिढ्यांमागे खेड्यात होते. तिथल्या मातीच्या भिंती पडल्या, चौथरा कुणी भाऊबंदाने आपल्यात घेतला आणि आपल्याकडे उरले ते आडनाव आणि कुलदैवत. म्हणूनच ‘आमचे मूळ गाव अमुक’ असे सांगताना आपल्या बोलण्यात थोडासा अभिमान असतो आणि थोडीशी अपराधाची जाणीवही असते.

अशा खेडूत पूर्वजाचा माग काढता येतो काय? काढावा काय? आणि काढल्यावर हाती येते त्याचे करावयाचे काय? या तीन प्रश्नांचा विचार मी आज करणार आहे. नुसत्या तत्त्वाच्या गोष्टी सांगण्यापेक्षा एक उदाहरण घेतलेले बरे. राजेरजवाड्यांच्या किंवा सरदारांच्या घराण्याचे उदाहरण मी मुद्दामच घेत नाही. त्यांच्या वंशावळी लिहिणारे भाट आणि कारकून त्यांच्या पदरी होते. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तान्तांची मोठी चळवळ झाली आणि पुष्कळ घराण्यांनी आपापले ग्रंथ छापून काढले. काम चांगले होते, कष्टाचे होते. पण ज्या घरात लिहिणारा होता त्याच घराचा कुलवृत्तान्त निघाला. ज्या घरात नांगर होता आणि लेखणी नव्हती, त्या घराचे काय? म्हणून मी उदाहरण घेतो ते एका माळ्याच्या घराचे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुण गावच्या गोऱ्हे घराण्याचे.

हे आडनाव आपल्यापैकी काहींच्या कानावरून गेलेही नसेल. पण या गोऱ्ह्यांचे पुढे फुले झाले, असे म्हटले की साऱ्यांना उलगडा होईल. महात्मा जोतीराव फुले यांच्या पणजोबांविषयी मी बोलतो आहे.

चरित्रकारांनी दिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. जोतीरावांचे पणजोबा कटगुणला चौगुला होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर आले आणि ते इतके विकोपाला गेले की एके दिवशी त्यांनी कुलकर्ण्याला ठार केले. मग गावात राहणे शक्य नव्हते. घरदार सोडून ते पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात खानवडी येथे येऊन राहिले. तिथे त्यांना शेटीबा नावाचा मुलगा झाला. शेटीबाला घर सांभाळता आले नाही. तो कर्जबाजारी झाला आणि बायकामुलांसह पुण्यास आला. त्याला राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन मुलगे. पुण्यात एका फुलवाल्याच्या हाताखाली हे तिघे धंदा शिकले. त्यांच्या हातची फुलांची कामे पेशव्यांच्या वाड्यात जाऊ लागली, पेशव्यांची मर्जी बसली आणि त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. फुलांच्या धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले. यांतल्या धाकट्या गोविंदरावांचे चिरंजीव म्हणजे 1827 साली जन्मलेले जोतीराव.

झाली गोष्ट. दोन मिनिटांत सांगून संपली. पुष्कळशी चरित्रे इथेच पान उलटतात, कारण त्यांना नायकाकडे जाण्याची घाई असते. आपल्याला तशी घाई नाही. आपण त्या निनावी पणजोबांपाशी थोडे थांबू आणि या चार ओळींतून काय काय निघते ते पाहू.

प्रथम चौगुला म्हणजे कोण? आज चौगुले हे आडनाव राहिले आहे, पण तो एके काळी हुद्दा होता याचे भान राहिलेले नाही. गावचा मुख्य वतनदार पाटील. त्याच्या हाताखाली चौगुला. पाटील गावात नसेल तर त्याचे काम चौगुल्याने पाहावयाचे, वसुलीच्या वेळी रयतेला चावडीवर आणावयाचे, गावकीच्या बैठकीत आपल्या मानाच्या जागी बसावयाचे. काही ठिकाणी कुलकर्ण्याच्या दप्तराची राखणही चौगुल्याकडे असे. म्हणजे आपले हे पणजोबा अगदीच कोणी ऐरेगैरे नव्हते. गावगाड्यातला एक लहानसा खिळा होते, पण गाडा त्या खिळ्यावरही चालत होता.

आणि कुलकर्णी? तो गावचा लेखक. कोणाकडे किती जमीन, तिच्यावर आकार किती, वसूल किती आला, बाकी किती राहिली, हे सारे त्याच्या दप्तरात. लिपी मोडी. पाटलाला आणि चौगुल्याला बहुधा अक्षर येत नसे. आता कल्पना करा. एकाच कामावर दोन माणसे. एक रयतेला ओळखतो, तिच्या बांधावर उभा राहतो, पण कागदात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही. दुसऱ्याच्या हाती कागद आहे आणि कागदात असेल तेच सरकारात खरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिले. खेड्याच्या व्यवहारात शहाणपणाबरोबर किती कुरबुरी आणि ओढाताण भरलेली असे, ते त्यात पाहावयास मिळते. कटगुणचे भांडण नेमके कोणत्या कारणाने पेटले त्याचा तपशील परंपरेने आपल्याला दिलेला नाही. पण भांडणाची जागा मात्र आपल्याला दिसते. तोंडी व्यवहार आणि लेखी व्यवहार जिथे एकमेकांस भिडतात ती ही जागा.

दुसरा प्रश्न काळाचा. हे केव्हा घडले असेल? इतिहासात जिथे तारीख मिळत नाही तिथे पिढ्या मोजण्याचे एक ढोबळ माप वापरतात. एका पिढीस पंचवीस ते तीस वर्षे धरावीत. जोतीरावांचा जन्म 1827 चा. तीन पिढ्या मागे गेलो की पणजोबांचा जन्म 1737 ते 1752 च्या दरम्यान कुठेतरी पडतो. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. पण एवढ्यानेही काम होते. म्हणजे हा चौगुला भर तारुण्यात होता तेव्हा पानिपत होऊन गेलेले होते किंवा व्हावयाचे होते. 1761 च्या त्या संहारानंतर थोरल्या माधवरावांची कारकीर्द 1772 पर्यंत चालली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा काळ लढाया आणि तहांचा. कटगुणच्या चौगुल्यासाठी मात्र तो येरळेच्या खोऱ्यातल्या अपुऱ्या पावसाचा, वसुलाच्या हप्त्यांचा आणि चावडीवरच्या हमरीतुमरीचा काळ होता. इतिहास एकच असतो, पण तो दिल्लीच्या वाटेवरून वेगळा दिसतो आणि बांधावरून वेगळा.

तिसरा प्रश्न असा की, तो पळाला म्हणजे त्याने काय गमावले? आपण शहरातले लोक बदली झाली की सामान बांधतो. त्या काळी गाव सोडणे ही तेवढी साधी गोष्ट नव्हती. वतन हे गावाशी बांधलेले. गावाबाहेर चौगुल्याला कोण विचारतो? ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार. जो बाहेरून येऊन दुसऱ्याच्या गावात जमीन कसतो तो उपरी. मिरासदाराला गावकीत मान, जत्रेत मान, लग्नकार्यात विडा आणि टिळा. उपरी पीक काढतो आणि गप्प बसतो. कटगुणला चावडीवर बसणारा माणूस नीरा ओलांडून खानवडीस आला आणि एका रात्रीत उपरी झाला. शिवाय मागे खुनाचा आळ आणि तोही कुलकर्ण्याच्या खुनाचा. कुलकर्णी बहुधा ब्राह्मण असे, म्हणजे राजदंडाच्या भयाबरोबर महापातकाचा शिक्काही आला. नव्या गावात आपण कोण, कुठले, हे किती जणांना आणि किती सांगितले असेल? मला वाटते, पुष्कळशा कुटुंबांच्या आठवणी अशाच ठिकाणी तुटतात. विसर नेहमी आळसाने पडत नाही. कधीकधी तो मुद्दाम पाडलेला असतो.

आणि तरीसुद्धा ही हकीकत घरात राहिली, ही विशेष गोष्ट आहे. पूर्वजाने गाव वसवले, वाघ मारला, राजाने सोन्याचे कडे दिले, असल्या कथा घरोघर सांगतात. त्या कुळाला शोभा आणतात म्हणून इतिहासकाराने त्या जरा सावधपणे घ्याव्यात. पण आमच्या पूर्वजाच्या हातून खून झाला आणि त्याला पळावे लागले, असे सांगण्यात शोभा नाही. जी आठवण सांगणाऱ्याच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणते तिच्यात सत्याचा अंश असण्याचा संभव अधिक, असा एक ठोकताळा आहे. तो इथे लावता येतो. मात्र इथेही एक पाय मागे ठेवला पाहिजे. जोतीरावांच्या नावाभोवती पुढे जो वाद पेटला त्याच्या उजेडात जुनी गोष्ट अधिक गडद रंगाने सांगितली गेली असणे अशक्य नाही. परंपरा ही साक्षीदार आहे. तिला पिंजऱ्यात उभे करावे, तिचे ऐकून घ्यावे, पण उलटतपासणी सोडू नये.

आता पुण्याकडे येऊ. इथे मला आपले लक्ष एका शब्दाकडे वेधावयाचे आहे. पेशव्यांनी पस्तीस एकर जमीन दिली, असे चरित्रात येते. पण पेशवाईत एकर कुठला? त्या काळी जमीन मोजावयाची ती काठीने. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. एकर हे माप इंग्रजांच्या मोजणीबरोबर आले आणि ती नवी पद्धत 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केली. म्हणजे हा पस्तीसचा आकडा आपल्याकडे पोहोचला तो नव्या भाषेत उतरून. याचा अर्थ गोष्ट खोटी असा नव्हे. अर्थ एवढाच की गोष्ट सांगणारा आणि गोष्ट घडलेली यांच्यामध्ये किती काळ गेला हे एका शब्दावरून कळते. आपल्या घरच्या कागदात किंवा आजीच्या बोलण्यात असा एखादा शब्द सापडला तर तो हसून सोडून देऊ नका. त्याच्या खाली तारीख दडलेली असते.

आडनावाचेही तसेच. आपण आडनाव म्हणजे जणू काही सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेली वस्तू समजतो. कटगुणला गोऱ्हे, पुण्यात फुले. दोन पिढ्यांत नाव बदलले, कारण धंदा बदलला आणि ओळखणारी माणसे बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. गावाच्या नावावरून पुढचे आडनाव आले. तेव्हा आपल्या आजच्या आडनावाने जुन्या कागदात आपला पूर्वज शोधू लागलो आणि तो सापडला नाही, तर तो नव्हताच असे समजण्याचे कारण नाही. तो वेगळ्या नावाने तिथेच बसलेला असेल.

पुण्यातल्या त्या तिघा भावांची कहाणी मात्र थेट आपल्या सर्वांच्या घरची आहे. थोरल्या राणोजीने इनामाची जमीन आपल्याच ताब्यात ठेवली आणि धाकटे दोघे रिकामे झाले. गोविंदरावांनी भाजीचे दुकान घातले आणि शेती करून आपला संसार उभा केला. कुलकर्ण्याच्या भीतीने सोडलेले गाव, सावकाराच्या कर्जाने सोडलेले दुसरे गाव आणि मग सख्ख्या भावाने नेलेली जमीन! तीन पिढ्यांत तीन वेळा हे घर मुळापासून उखडले गेले आणि तीनही वेळा पुन्हा रुजले. पूर्वजाचा पराक्रम शोधावयाचा असेल तर तो मला इथे दिसतो.

आतापर्यंत मी पुरुषांचीच नावे घेतली, हे भगिनींच्या ध्यानात आले असेलच. हा दोष माझा एकट्याचा नाही. आपली वंशावळ म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी एक सरळ काठी. तिला बायका नसतातच. त्यातून आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव जाते आणि पुष्कळदा जन्मनावही जाते, त्यामुळे तिचा माग काढणे दुप्पट अवघड. खानवडीच्या त्या घरात शेटीबाला कोणी वाढवले? कर्जदार दाराशी आल्यावर चूल कोणी पेटती ठेवली? गोविंदरावांच्या पिढीपासून मात्र नावे दिसू लागतात. त्यांची पत्नी चिमणाबाई ही झगडे पाटलांची मुलगी. जोतीराव अगदी तान्हे असतानाच ती वारली. पोरक्या मुलाला सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या स्त्रीने वाढवले. आणि 1840 साली या घरात सून म्हणून आली ती सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी सावित्री. कटगुणहून पळालेले घर लग्नाच्या निमित्ताने पुन्हा सातारा जिल्ह्याशी जोडले गेले. जोतीराव घडले ते गोऱ्ह्यांच्या रक्तामुळे किती आणि सगुणाबाईंच्या मायेमुळे किती, हे कोणत्या वंशावळीवरून ठरवणार? म्हणून मी आग्रहाने सांगतो, आपला कुलवृत्तान्त लिहाल तेव्हा प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिचे माहेर, तिचे माहेरचे नाव आणि तिच्या आईचे नाव लिहा. काठीचा एकदम वेल झालेला दिसेल.

आता आपल्यापैकी कोणाला हे काम हाती घ्यावेसे वाटले तर सुरुवात कुठून करावी? दप्तरखान्यातून नव्हे. सुरुवात घरातल्या सर्वांत वडील माणसापासून करावी आणि ती आजच करावी. कागद आणखी दहा वर्षे टिकेल, माणसाचा भरवसा नाही. त्यांना सन विचारू नका. ‘दुष्काळाच्या आधी की नंतर’, ‘प्लेगात की प्लेगाच्या पुढे’ असे विचारा. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ, 1896 पासूनची प्लेगाची साथ, 1918 चा इन्फ्लुएंझा, 1972 चा दुष्काळ हे आपल्या खेड्यांचे खरे कालमापक आहेत. त्यानंतर गावी जावे. सातबारा, जुने फेरफार, गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक आणि प्राथमिक शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. फेरफाराच्या एका नोंदीत कधीकधी अख्खे कुटुंब उभे असते, कारण माणूस मेल्यावर वारस कोण कोण ते तिथे लिहावे लागते.

तिसरी जागा तीर्थक्षेत्राची. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. सरकारला ज्याची दखल नव्हती असा कुणबी तिथे आपल्या भावांची आणि मुलांची नावे सांगून गेला आहे. आणि चौथी जागा पुण्याच्या पेशवे दप्तराची. कोटींच्या घरातले कागद तिथे रुमालात बांधून ठेवलेले आहेत. त्यातील निवडक कागदांचे 45 खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत छापून निघाले. बाकीचे वाचावयाचे तर मोडी आली पाहिजे. मोडी शिकणे वाटते तेवढे अवघड नाही. मात्र शिकणाऱ्याने चिकाटी सोडता कामा नये.

या जुन्या कागदांत महजर म्हणून एक प्रकार आहे. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा गोतसभेपुढे चालला की निवाडा लिहून त्याखाली गावच्या सगळ्यांची साक्ष घालीत. कुलकर्णी सही करी. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो. मला विचाराल तर आपल्या इतिहासातली याहून बोलकी सही दुसरी नाही. दोन रेघांचा तो नांगर म्हणतो, मी इथे होतो, मी पाहिले आणि मी साक्ष दिली. 1872 साली मुंबई इलाख्यात पहिली शिरगणती झाली. पण शिरगणतीतून आपल्या हाती आले ते आकडे. घरोघर लिहिलेली नावे राहिली नाहीत. महजरात मात्र आकडा नाही, माणूस आहे.

अलीकडे पूर्वजांच्या या कागदांना अचानक मोल आले आहे. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावची धूळ खात पडलेली मोडी दप्तरे उघडली गेली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. पण ज्या पणजोबाला आपण विसरलो होतो त्याच्या नावाच्या एका ओळीवर नातवंडांचे शिक्षण अवलंबून राहावे, हा केवढा विलक्षण योग! एवढीच प्रार्थना आहे की, दाखला मिळाल्यावर ती ओळ लिहिणाऱ्या आणि जगणाऱ्या माणसांना आपण पुन्हा विसरू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माग निघाला. मग त्याचे करावयाचे काय?

कटगुणची हकीकत ऐकली की एक निष्कर्ष आपोआप जिभेवर येतो. पणजोबाने कुलकर्ण्याला मारले आणि पणतूने लेखणीने तेच केले. वैर रक्तातच होते! हा निष्कर्ष ऐकावयास चटकदार आहे आणि साफ चुकीचा आहे. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ 1873 साली लिहिली, ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली पुरा केला. खेड्यातल्या कामगारांच्या लेखणीखाली शेतकरी कसा नाडला जातो हे त्यांनी त्यात मांडले. पण ते मांडले ते शाळेत शिकून, टॉमस पेन वाचून, 1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान सोसून आणि आपल्या डोळ्यांनी खेडी पाहून. त्याच 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पणजोबाला लेखणीचा राग आला आणि त्याने लेखणी धरणाऱ्याला मारले. पणतूने लेखणी सर्वांच्या हाती देण्याचा उद्योग आरंभिला. रक्त तेच होते, पण उत्तर वेगळे होते. या उत्तराची किंमतही त्यांनी मोजली. 1849 साली गोविंदरावांनी या मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. म्हणजे या घराण्यात चौथ्या पिढीसही घर सोडणे चुकले नाही.

आणि याही पुढची गोष्ट ऐका. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. वाट चुकलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, पण मूल मारू नये. त्या गृहात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. या जोडप्याला स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी 1874 साली तो मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत. 1887 साली मृत्युपत्र करून जोतीरावांनी त्याला आपला वारस ठरवले. 1890 साली जोतीराव वारले तेव्हा भाऊबंदांनी यशवंतच्या अधिकाराबद्दल हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे सांगतात. पुढे यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना मरण आले तेव्हा याच मुलाच्या दवाखान्यात त्या राबत होत्या.

आता ही वंशावळ एका कागदावर मांडून पाहा. वरच्या टोकाला कटगुणचा चौगुला. त्याच्या हातून एका कुलकर्ण्याचा जीव गेला असे परंपरा सांगते. खालच्या टोकाला यशवंत. तो ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मला आणि मरणाच्या दारातून वाचवला गेला. वर एक जीव घेतलेला, खाली एक जीव राखलेला. मध्ये तीन पिढ्या, तीन गावे, दोन आडनावे आणि नावे न उरलेल्या कितीतरी बायका. कोणीही योजून हे केलेले नाही. चौगुल्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून जोतीरावांनी मूल दत्तक घेतले असे म्हणणे म्हणजे इतिहासाचे पुराण करणे होय. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन गोष्टी आपल्याला काही सांगत नाहीत काय?

त्या असे सांगतात की, पूर्वज आपल्याला जमीन देतो, कर्ज देतो, नाव देतो, वैरही देतो. त्यातले काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे हे मात्र आपणच ठरवतो. एका काळी गावाचा कागद एकाच घराच्या हाती असे. ती व्यवस्थाही आता राहिली नाही. शाहू छत्रपतींनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने मोडली, मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने ती गेली आणि 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रात पाटीलकीही संपली. चौगुला आणि कुलकर्णी दोघेही आता आडनावापुरते उरले आहेत आणि एकाच बाकावर शेजारी बसून शिकतात. कटगुणच्या चावडीवर त्या दिवशी जे दोघे समोरासमोर उभे होते, त्यांच्या वंशजांना आज एकमेकांच्या पूर्वजांची हकीकत शांतपणे ऐकता येते. हे काही थोडे नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या पूर्वजाचा माग जरूर काढा. तो मोठा निघाला तर फुगून जाऊ नका आणि खोटा निघाला तर लपवू नका. तो कसा जगला, काय पिकवले, कोणाचे देणे लागत होता, कोणाशी भांडला, कोणी त्याला आसरा दिला, हे विचारा. आणि जे कळेल ते वहीत लिहून ठेवा. कागदावर नांगर काढण्यापलीकडे ज्यांना स्वतःची साक्ष देता आली नाही त्यांच्या वतीने दोन ओळी लिहिण्याचे शिक्षण आपल्याला मिळाले आहे. ते ज्यांच्यामुळे मिळाले त्यांत कटगुणच्या त्या चौगुल्याचा पणतूही होता.